छत्तीस वर्षे हरवलेली चिमणी

'तुम्हाला नक्की ओळखता येणारा एक पक्षी सांगा,' असे वर्गात म्हटले की पहिले उत्तर बहुधा 'चिमणी' किंवा 'कावळा' असे येते. चिमणी म्हणणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न विचारून पाहावा. चिमण्याच्या शेपटीच्या अगदी वरचा, पाठीचा खालचा भाग कोणत्या रंगाचा असतो? राखाडी की तांबूस? आता वर्ग गप्प होतो. आणि पुस्तक न उघडता उत्तर द्यायचे ठरवले तर विचारणाऱ्याचीही पंचाईत होते. चिमणी आपल्याला 'माहीत' असते. म्हणून तिच्याकडे नीट बघायची वेळच येत नाही.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या एका प्रश्नावर एका पक्ष्याची सबंध ओळख अवलंबून होती. सिंधू नदीच्या खोऱ्यात, पाण्याकाठच्या झाऊ-बाभळीच्या झुडपी रानात राहणारी एक लहानशी चिमणी आहे. तिला आज 'सिंध चिमणी' म्हणतात. शास्त्रीय नाव पॅसर पायऱ्होनोटस. तिचे वर्णन छापले गेले, तिला नाव मिळाले आणि त्यानंतर सुमारे छत्तीस वर्षे ती कोणाला दिसलीच नाही. अशी जात खरोखर आहे की नाही, याचीच शंका घेतली जाऊ लागली. ती मात्र त्या सगळ्या काळात होती तिथेच होती. असे का झाले, हे समजून घेणे विज्ञान शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

बहावलपूरचा पक्षी

गोष्टीची सुरुवात होते अलेक्झांडर बर्न्स या अधिकाऱ्यापासून. १८०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला बर्न्स सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. हिंदुस्थानी आणि फारसी या भाषा त्याने चांगल्या आत्मसात केल्या. १८३१ मध्ये इंग्लंडच्या राजाने रणजितसिंहाला भेट म्हणून पाठवलेले घोडे घेऊन तो सिंधू नदीतून लाहोरपर्यंत गेला. घोडे हे निमित्त होते. नदीची खोली, वळणे आणि काठावरच्या सत्ता यांची माहिती कंपनीला हवी होती. १८३६ मध्ये तो पुन्हा सिंधूमार्गे काबूलकडे निघाला.

अशा मोहिमांत नकाशांबरोबर प्राणी-पक्ष्यांचे नमुनेही गोळा होत. पक्षी मारायचा, कातडे सोडवायचे, त्याला आतून सोमलयुक्त साबण लावायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची, ही तेव्हाची पद्धत. १८४० च्या सुमारास बर्न्सच्या संग्रहात एक चिमणी आली. ठिकाण होते बहावलपूर, सतलज नदीकाठचे संस्थान. आज ते पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात आहे. म्हणजे 'सिंध चिमणी' या नावाने ओळखला जाणारा पक्षी प्रथम मिळाला तो सिंधबाहेर!

या संग्रहांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नमुन्याशी साहेबाचे नाव जोडले जाई, पण पक्षी टिपणारे, कातडी सोलून भरणारे हात पुष्कळदा पगारी स्थानिक माणसांचे असत. त्यांची नावे क्वचितच छापली गेली.

२ नोव्हेंबर १८४१ रोजी काबूलमध्ये उठाव झाला आणि त्यात बर्न्स मारला गेला. त्याची चिमणी अजून बिननावाची होती.

टेबलावरची ओळख

त्याच वर्षी, म्हणजे १८४१ मध्ये, एडवर्ड ब्लाइथ नावाचा तीस वर्षांचा माणूस लंडनहून कलकत्त्याला आला. लंडनजवळ त्याचे औषधांचे दुकान होते, पण लक्ष सगळे प्राण्या-पक्ष्यांत. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून त्याला नोकरी मिळाली. पगार तुटपुंजा आणि तो वीस वर्षे जवळजवळ तसाच राहिला. हिंडायला पैसा नव्हता, सवडही नव्हती. देशभरातून पेट्या भरभरून येणारी कातडी मात्र त्याच्या टेबलावर येत. डार्विनसारखा माणूस त्याच्याशी पत्रव्यवहार करी, त्याच्या मताला किंमत देई.

ब्लाइथने बहावलपूर स्वतः पाहिलेले नव्हते. ही चिमणी कुठल्या झाडावर बसते, कशी ओरडते, घरटे कुठे बांधते, यातले काहीच त्याला ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे फक्त एक नमुना होता. पण चिमण्यांची शेकडो कातडी हाताखालून गेलेल्या त्या माणसाला दिसले की हा पक्षी नेहमीच्या चिमणीपेक्षा लहान आहे आणि याच्या पाठीचा खालचा भाग तांबूस आहे. घरचिमणीत तो राखाडी असतो. ब्लाइथने ही वेगळी जात मानली आणि नाव दिले पायऱ्होनोटस. ग्रीकमध्ये 'पायऱ्होस' म्हणजे विस्तवासारखा तांबूस आणि 'नोटोस' म्हणजे पाठ. म्हणजे ओळखीची मुख्य खूण त्याने नावातच बांधून ठेवली.

नावामागचे साल

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना दाखवावी अशी एक बारीक गंमत इथे आहे. ब्लाइथचे वर्णन एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या ज्या अंकात आले, त्यावर साल १८४४ आहे. प्रत्यक्षात तो अंक बाहेर पडला १८४५ मध्ये. प्राण्यांच्या नावांबाबतच्या नियमांनुसार प्रत्यक्ष प्रसिद्धीची तारीख धरली जाते, म्हणून नाव लिहितात 'पॅसर पायऱ्होनोटस ब्लाइथ, १८४५'. घरचिमणीचे नाव मात्र 'पॅसर डोमेस्टिकस (लिनियस, १७५८)' असे, कंसासह लिहितात. कंसाचा अर्थ असा की ज्याने जातीला नाव दिले त्याने ती वेगळ्या प्रजातीत घातली होती आणि पुढे ती हलवली गेली. लिनियसने घरचिमणी 'फ्रिंजिला' या प्रजातीत ठेवली होती. ब्लाइथने आपली चिमणी सुरुवातीपासूनच 'पॅसर'मध्ये ठेवली आणि ती आजही तिथेच आहे, म्हणून त्याच्या नावाला कंस नाही. एका कंसात केवढा इतिहास मावतो!

शोध सुरू, पक्षी बेपत्ता

बर्न्सच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, कंपनीने सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे तिथे अधिकारी, इंजिनियर, डॉक्टर यांची ये-जा वाढली. त्यांच्यातले बरेचजण फावल्या वेळात पक्षी गोळा करीत. तरीही पायऱ्होनोटस कोणाला मिळेना.

यांतला सर्वांत मोठा शोधक म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसच्या स्थापनेमुळे हे नाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असते. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारा हाच तो ह्यूम. पण त्याआधीची कितीतरी वर्षे तो भारतीय पक्षिशास्त्राचा मध्यवर्ती पुरुष होता. १८७२ पासून त्याने 'स्ट्रे फेदर्स' हे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक चालवले. सिमल्याच्या घरात त्याने संग्रहालय उभे केले आणि १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला ऐंशी हजारांहून अधिक नमुने देऊन टाकले. देशाच्या कानाकोपऱ्यातले हौशी निरीक्षक त्याला पत्रे आणि पक्षी पाठवीत.

१८७१-७२ च्या हिवाळ्यात ह्यूम स्वतः सिंधमध्ये हिंडला. 'स्ट्रे फेदर्स'चा पहिला खंडच सिंधच्या पक्ष्यांवरील त्याच्या विस्तृत लेखाने सुरू होतो. पण ब्लाइथची तांबड्या पाठीची चिमणी त्याला मिळाली नाही. त्याच्या आणि इतरांच्या प्रयत्नांना यश येईना, तशी ही खरोखर वेगळी जात आहे का, ही शंका बळावत गेली. डिसेंबर १८७३ मध्ये ब्लाइथही वारला. आता या पक्ष्याची बाजू मांडायला उरले होते एक जुने वर्णन आणि एक नाव.

शंका घेणारे चुकत होते का?

शेवट ठाऊक असलेल्या वाचकाला शंका घेणाऱ्यांना हसणे सोपे असते. पण तेव्हाच्या माणसाच्या जागी उभे राहून बघू. हाताशी पुरावा काय होता? एक नमुना. एका नमुन्याने फसवणूक होण्याचे निदान तीन मार्ग आहेत.

पहिला, रंगातील विकृती. एखाद्या पक्ष्यात रंगद्रव्य कमी-जास्त होते आणि तो आपल्याच जातीच्या भाईबंदांपेक्षा वेगळा दिसतो. पांढरा कावळा सापडला म्हणून ती नवी जात होत नाही. दुसरा मार्ग संकराचा. चिमण्यांत हे मुळीच अशक्य नाही. घरचिमणी आणि स्पॅनिश चिमणी यांचा काही प्रदेशांत संकर होतो, हे आज पक्के माहीत आहे आणि ही स्पॅनिश चिमणी हिवाळ्यात थव्याथव्याने सिंध-पंजाबात येते. तिसरा मार्ग वय आणि ऋतू. पिसे जुनी झाली की झिजतात, उन्हाने विटतात. एकच पक्षी डिसेंबरात आणि मे महिन्यात वेगळा दिसू शकतो.

तेव्हा 'आणखी नमुने दाखवा' ही मागणी योग्यच होती. गफलत पुढच्या पायरीवर होते. 'आम्हाला सापडली नाही' या वाक्यापासून 'ती नसावी' या वाक्याकडे आपण नकळत सरकतो. न सापडणे हाही पुरावा असतो, पण त्याचे वजन तीन गोष्टींवर ठरते. आपण कुठे शोधले? केव्हा शोधले? आणि आपण कशाला 'शोधणे' म्हणत होतो?

पाण्याकाठचे आयुष्य

या पक्ष्याचे राहणीमान आज चांगले माहीत आहे आणि त्यातच त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत.

कुठे? घरचिमणी माणसाच्या आधाराने जगते. घर, गोठा, धान्याचे कोठार, बाजार ही तिची ठिकाणे. सिंध चिमणी मनुष्यवस्तीला विसंबून राहत नाही. नदी, कालवा किंवा तळे, त्यालगत झाऊ आणि बाभळी, खाली उंच गवत, हा तिचा मुलूख. अशा पट्ट्यात ती लहान टोळक्याने राहते. गवताच्या आणि रानवनस्पतींच्या बिया हे तिचे मुख्य अन्न. पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवते. छावणी आणि टपालरस्ता यांच्या आसपास हिंडणाऱ्याला ती कमीच भेटणार. दलदलीच्या काठावर काटेरी जाळीत शिरणाऱ्यालाच तिची गाठ पडणार.

केव्हा? तिचा विणीचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. तेव्हा नर अगदी उठून दिसतो. चोच काळी होते, गळ्यावरचा काळा डाग स्वच्छ दिसतो. हिवाळ्यात चोच फिकी पडते. नव्या पिसांच्या फिकट कडांमुळे चिमण्यांच्या नरांचे रंग एकूणच मंद वाटतात. आणि साहेबलोकांचे सिंधचे दौरे असत हिवाळ्यात! उन्हाळ्यात तिथे टिकाव धरणे कठीण. म्हणजे पक्षी सर्वांत स्पष्ट ओळखू येतो तेव्हा पाहुणे निघून गेलेले असत.

आणि शोधणे म्हणजे काय? पक्षी गोळा करायला निघालेला माणूस नवखा पक्षी दिसला की बंदूक उचलतो. झुडपातून 'चिव चिव' ऐकू आली तर तो म्हणणार, चिमणी आहे आणि पुढे जाणार. सिंध चिमणीचा आवाज घरचिमणीपेक्षा थोडा मऊ आणि उंच पट्टीतला असला, तरी शेवटी तो चिवचिवाटच. शेकडो नमुने गोळा करणारा माणूस चिमण्यांवर काडतूस कशाला वाया घालवील? शोधकांच्या डोळ्यांसमोरून ही चिमणी कितीदा गेली असेल, हे सांगता येणार नाही. पण तिच्या लपण्यात झुडपांइतकाच वाटा घरचिमणीशी असलेल्या साम्याचा होता, हे नक्की.

पूर्व नाऱ्याचा इंजिनियर

सिंधच्या पूर्वेला, थरच्या वाळवंटाच्या कडेने 'पूर्व नारा' नावाचा जलप्रवाह जातो. हा सिंधू नदीचाच जुना फाटा. एकोणिसाव्या शतकात कालवा खोदून त्यात सिंधूचे पाणी सोडण्यात आले. दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये पाण्याने भरलेली तळी. सिंधीत त्यांना ढंढ म्हणतात. काठाने झाऊ, बाभळी, पाणकणीस.

या भागात कालव्यांच्या कामावर स्क्रोप डॉइग नावाचा इंजिनियर होता. ह्यूमच्या पत्रलेखकांपैकी तो एक. पूर्व नाऱ्यावरच्या पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांविषयीच्या त्याच्या नोंदी 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापून येत. ह्यूमशी तुलना केली तर त्याच्याकडे ना मोठे संग्रहालय होते, ना देशभर पसरलेले हस्तक. पण एक गोष्ट ह्यूमकडे नव्हती ती त्याच्याकडे होती. तो तिथे राहत होता. कालव्याची पाहणी म्हणजे पाण्याच्या काठाने हिंडणे आणि तेही बाराही महिने. शिवाय घरटी शोधण्याचा छंद असलेल्या माणसाला विणीच्या काळात झुडपांत शिरावेच लागते.

१८८० मध्ये पूर्व नाऱ्याच्या परिसरात डॉइगला ब्लाइथची चिमणी सापडली. जुने वर्णन खरे होते. पाठ खरोखरच तांबूस होती. बर्न्स आणि ब्लाइथ दोघेही हयात नव्हते, पण बहावलपूरच्या त्या नमुन्यावरचा संशय दूर झाला आणि यानंतरच्या पक्षिग्रंथांत या जातीला पक्की जागा मिळाली.

आता ती ओळखू या

दोन्ही नर शेजारी ठेवून पाहू. घरचिमणा सुमारे १५ सेंटिमीटर लांब, सिंध चिमणा सुमारे १३. चोचही काहीशी बारीक. फरक फक्त दोन सेंटिमीटरचा. एकटा पक्षी दिसला तर एवढ्यावरून ठरवणे धोक्याचे. म्हणून पुढच्या खुणा पाहायच्या.

माथा दोघांचाही राखाडी. पण घरचिमण्याच्या डोळ्यामागून निघणारा तपकिरी पट्टा रुंद असून मानेवर पसरतो. सिंध चिमण्यात तो कोयरीच्या बाकासारखा डोळ्याभोवतून वळून मानेच्या बाजूला थांबतो. घरचिमण्याचा काळा डाग हनुवटीपासून छातीवर पसरतो, जणू लाळेरे बांधले आहे. सिंध चिमण्याचे लाळेरे लहान आणि अरुंद, गळ्यापुरतेच. आणि शेवटी पाठीचा खालचा भाग. घरचिमण्याचा राखाडी, सिंध चिमण्याचा तांबूस. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

माद्यांचे काय? इथे भल्याभल्यांची परीक्षा होते. सिंध चिमणीची मादी घरच्या चिमणीसारखीच दिसते. माथा आणि गाल जरा जास्त राखाडी, खांद्यावरचा तांबूस रंग जरा गडद, आकार लहान. एवढ्या 'जरा'वर निर्णय देण्यापेक्षा तिच्यासोबत कोणता नर आहे आणि ती कुठे वावरते आहे हे बघणे शहाणपणाचे. म्हणजेच, ओळख केवळ पिसांवरून होत नाही, वागण्यावरूनही होते.

घरट्यांतही हा फरक दिसतो. घरचिमणी वळचणीला, भिंतीच्या भोकात, तसबिरीमागे घरटे करते. सिंध चिमणी काटेरी झाडाच्या वरच्या फांद्यांत किंवा पाण्यावर झुकलेल्या बारीक फांदीच्या टोकाशी गवताचा आणि झाऊच्या काड्यांचा गोल, काहीसा अस्ताव्यस्त गोळा बांधते. दार बाजूला, वरच्या अंगाला. आत मऊ पिसे आणि कापसासारखे तंतू. अंडी तीन ते पाच. घरटे बांधण्याचे आणि अंडी उबवण्याचे काम नर-मादी दोघेही करतात. खाली पाणी आणि भोवती काटे, म्हणजे मांजरासारख्या शत्रूंपासून आपोआप संरक्षण.

दोन जाती की एकच?

आता मूळ शंकेला सरळ उत्तर देता येते. १९४२ मध्ये अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने जातीची जी व्याख्या रुजवली, तिचा गाभा दिसण्यात नाही, प्रजननात आहे. नैसर्गिक परिस्थितीत ज्यांचा आपसात संकर होत राहतो ती एक जात. सिंधूच्या खोऱ्यात घरचिमणी आणि सिंध चिमणी हाकेच्या अंतरावर राहतात. एक गावात, दुसरी गावाबाहेरच्या कालव्यावर. तरीही दोघी एकमेकींत मिसळून जात नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्याच राहतात. ब्लाइथच्या टेबलावरचे एक कातडे हे सांगू शकत नव्हते. त्यासाठी पक्षी जिवंत असताना, त्याच्या जागेवर पाहायला हवा होता.

पण म्हणून संग्रहालयाचे महत्त्व कमी होत नाही. ब्लाइथने वेगळेपण टिपून ठेवले नसते तर डॉइगला काय सापडले हे कळलेच नसते. ब्लाइथकडे नजर होती पण रान नव्हते. ह्यूमकडे संघटना होती पण त्या जागी मुक्काम नव्हता. डॉइगकडे मुक्काम होता आणि जुन्या छापील वर्णनाचा आधारही होता. हे सगळे एकत्र यायला छत्तीस वर्षे लागली.

कालव्यांबरोबर पुढे

नंतरची कथा थोडक्यात. १९३२ मध्ये सक्कर येथे सिंधूवर मोठा बंधारा पूर्ण झाला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला देण्यात आले होते. त्यातून सात कालवे निघाले आणि नारा त्यांपैकी एक. पंजाबातही कालव्यांचे जाळे पसरत गेले. वाळवंटी प्रदेशात पाणी पोहोचले की काठाने गवत, झाऊ, बाभळी उगवतात, झाडे लावली जातात. माणसाने नदीच्या मैदानात ढवळाढवळ केली की बहुतेक रानपक्ष्यांचे नुकसान होते, पण या चिमणीला काही ठिकाणी नवे रस्ते मिळाले. आज ती पाकिस्तानात सिंधूच्या मुखापासून उत्तरेकडे दूरवर, पश्चिमेला इराणच्या काही भागात आणि आपल्याकडे पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि अलीकडच्या दशकांत दिल्लीच्या परिसरातही नोंदली जाते. जागतिक पातळीवर तिची गणना धोक्यातील जातींत होत नाही. पाण्याकाठची झुडपे 'निरुपयोगी' म्हणून तोडली जातात तिथे मात्र तिचे घर जाते, हेही तितकेच खरे.

आपल्या गावात

सिंध चिमणी महाराष्ट्रात आढळत नाही. पण हा धडा गिरवायला आपल्याकडे दुसरी चिमणी आहे. गावाबाहेरच्या माळावर, विरळ झाडीत 'रानचिमणी' दिसते. तिला पीतकंठ चिमणी असेही म्हणतात. राखी-तपकिरी, रेघा नसलेली पाठ, पंखावर दोन फिके पट्टे, नराच्या खांद्यावर विटकरी डाग आणि गळ्यावर पिवळा ठिपका. ती घरटे करते झाडाच्या ढोलीत. कित्येक गावांत तिला 'चिमणी'च म्हणून सोडून दिले जाते.

एका शाळकरी मुलाने तिला सोडून दिले नाही. मुंबईत वाढणाऱ्या त्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो गोंधळला. ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्ड नावाच्या सचिवांनी तिची ओळख पटवून दिली आणि संग्रहातले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती चिमणी ठेवली.

आपल्याला बंदुकीची गरज नाही. मुलांच्या हाती एक वही द्यावी. आठवडाभर, दिवसातून दहा मिनिटे, फक्त चिमण्या पाहायच्या. नर की मादी, माथा कसा, लाळेरे किती मोठे, पाठीचा खालचा भाग कसा, कुठे बसली, काय खाल्ले, कोणाशी भांडली. जे दिसले नाही त्यापुढे 'नाही' असे न लिहिता 'दिसले नाही' असे लिहायचे आणि पुढे जागा, वेळ व तारीख टाकायची. २०१० पासून २० मार्च हा दिवस जगभर चिमणी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने चिमण्या मोजल्याही जातात. मोजण्याआधी कोणती चिमणी मोजतो आहोत हे कळले तर त्या आकड्यांना अर्थ येईल.

आणि वर्गातला एखादा विद्यार्थी येऊन म्हणाला, 'सर, आमच्या ओढ्याकाठची चिमणी जरा वेगळी दिसते,' तर 'चिमणीच असेल' असे म्हणण्यापूर्वी त्याच्याबरोबर ओढ्यापर्यंत एकदा जाऊन यावे.